दाजी, त्याला साक्षीला कुणी उभं केलं?

दाजी, तुमच्या मातीला भाऊशेठ आला होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. आपल्यातल्या निम्म्या लोकांना वाटलं, बाहेरगावाहून कुणी मोठे पाळकसाहेब आलेत. तुमच्या चुलतभावाने तर त्याला दोन्ही हातांनी सलाम केला. भाऊशेठने कुणाला काही न विचारता पेटीला खांदा दिला आणि कबरस्तानाच्या फाटकापासून थेट खड्ड्यापर्यंत तो खांदा बदलला नाही. मी मागून चालत होतो, आणि रडायचं सोडून कुणी मोबाईलवर शूटिंग करतंय का ते बघत होतो. कुणी करत नव्हतं. तेव्हा मला जास्तच संशय आला.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. सोसायटीची लिफ्ट वेळेत दुरुस्त झाली तरी मी वॉचमनला विचारतो, निवडणूक जवळ आली का रे. तुम्ही म्हणायचात, अनिलराव, तुम्ही स्वर्गात पोचलात तरी आधी थांबून विचाराल, हा सोन्याचा रस्ता केला कुठल्या कंत्राटदाराने. मेहुण्याची चेष्टा करायचा दाजींचा हक्कच असतो, आणि तुम्ही तो हक्क एक दिवसही वाया घालवला नाहीत.

तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं पाळकसाहेबांनी कागदावरून वाचून दाखवलं. त्यात तळोज्याच्या तुमच्या कारखान्याचं नाव चुकलं, आणि तुम्हाला फोरमनऐवजी मॅनेजर करून टाकलं. ज्या मॅनेजरांच्या केबिनबाहेर युनियनचा झेंडा घेऊन बसण्यात तुमची जवानी गेली, त्यांच्यातलेच एक. माझी बहीण, तुमची बायको, पदराआडून पुटपुटली, ‘हे ऐकून उठून बसतील आता.’ तुम्ही उठला नाहीत. तेव्हा मला पटलं की तुम्ही खरंच गेलात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊशेठ घरी आला. एकटाच. ज्या माणसामागे एरवी चार मोटारसायकली असतात तो कामोठ्याच्या आपल्या गल्लीत एकटा चालत आला, हेही मी मनात नोंदवून ठेवलं. ताईला त्याने हात जोडले, पाणी प्यायला, तुमच्या फोटोकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, रविवारी तुमच्या देवळात दाजींची स्मरण-उपासना आहे असं कळलं, तिथे दोन शब्द बोलायची इच्छा आहे. निवडणूक तोंडावर आलेली. आपला हा भाऊशेठ इथला माजी नगरसेवक आणि आता परत उमेदवार. या बैठकीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच उच्चारलं नाही.

ताई त्याला म्हणाली, आम्ही विचार करून सांगतो. तो गेल्यावर मला म्हणाली, ‘तू ठरव.’

मी म्हटलं, मी कशाला? पाळकसाहेब आहेत, मंडळीचे पंच आहेत, तू आहेस.

‘पाळकसाहेब म्हणतात कुटुंबानं ठरवावं. पंच म्हणतात पाळकसाहेबांनी ठरवावं. आणि तुझ्यासारखा संशयी माणूस घरात असताना मी कशाला डोकं चालवू? तू आयुष्यभर ह्यांच्यावर डोळा ठेवलास. आता काय दिसलं ते सांग की.’

दाजी, हीच माझी अडचण होती. मी डोळा ठेवला होता, पण मला काय दिसलं ते मलाच कळलेलं नाही. भाऊशेठला बोलू द्यावं की नाही हे ठरवायला आधी त्या एका रविवारी तुम्ही काय केलंत ते कळायला हवं होतं. आणि ते सांगायच्या आत तुम्ही निघून गेलात.

तो रविवार गेल्या निवडणुकीच्या आधीचा. स्वतःचं देऊळ नसलेली आपली मंडळी तेव्हाही शाळेच्या हॉलमध्येच भरायची. भिंतीवर पाढे, समोर आपला लाकडी क्रूस, कोपऱ्यात गॅदरिंगचा पुठ्ठ्याचा राजवाडा. उमेदवार तेव्हा सगळ्या देवस्थानांच्या पाया पडत फिरत होते. आपल्या पंचांच्या सभेत ठराव झाला की कुणीही उमेदवार आला तर त्याला बसायला खुर्ची द्यायची, चहा द्यायचा, पण माईक द्यायचा नाही. हा ठराव मांडला कुणी? तुम्ही. मी इतका खूश झालो की घरी जाऊन बायकोला सांगितलं, दाजी सुधारले.

मग तो रविवार उजाडला. भाऊशेठ तिसऱ्या ओळीत बसला होता. गाणी झाली, प्रार्थना झाली, सूचना झाल्या. मग पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. आता साक्षीला आपल्याकडे कधीच कुणाला अडवत नाहीत. देवाने माझ्यासाठी काय केलं हे सांगायला कुणीही उभं राहावं, लहान, थोर, नवा, जुना. मुलगी पास झाली, ऑपरेशन पार पडलं, दुबईचा व्हिसा आला. माईक लागत नाही, परवानगी लागत नाही. जागेवर उभं राहायचं आणि बोलायचं. ठराव करताना हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. की एकाच्या आलं होतं?

भाऊशेठ जागेवर उभा राहिला. ‘प्रभूचे आभार मानतो,’ इथून त्याने सुरुवात केली. दाजी, तो आगरी माणूस, घरी खंडोबा, गावात जत्रेचा मानकरी, आणि पहिलं वाक्य आपल्यातल्या मुरलेल्या माणसासारखं. पुढे म्हणाला, देवाने मला बुद्धी दिली म्हणून सेक्टरमदी पानी आनला, देवाने शक्ती दिली म्हणून गटाराचा काम झाला. आणि देवाची इच्छा असंल तर पुडचा काम पन व्हनार. आणि बसला. एवढंच. आपले लोक साक्ष देतात तेव्हा लहानपणच्या गोवरापासून सुरू करतात, पाळकसाहेबांना खोकावं लागतं. हा माणूस बरोबर वेळेत बसला.

आणि आपली मंडळी? साक्ष संपली की आमेन म्हणायची आपली सवय इतकी जुनी की डोक्यापर्यंत गोष्ट जायच्या आत तोंडातून शब्द बाहेर पडतो. अख्ख्या हॉलने गटाराच्या कामाला आमेन म्हटलं. मीसुद्धा म्हटलं. मागून एक आजी तर हालेलूयाही म्हणाल्या, त्यांच्या दारात खरंच गटार झालं होतं.

संध्याकाळपर्यंत ते सगळं प्रत्येकाच्या मोबाईलवर. खाली गाणं लावलेलं, वर लिहिलेलं की ख्रिस्ती समाजाचा जाहीर पाठिंबा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने मला जिन्यात गाठून विचारलं, अहो, तुमच्याकडे नक्की काय चालतं रविवारी? इतकी वर्षं तो माझ्याकडून नाताळचा केक खातोय, पण हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. शाळेच्या ट्रस्टींनी निरोप पाठवला, पुन्हा हॉलमध्ये राजकारण झालं तर किल्ली परत घेऊ.

मला एकच कळत नव्हतं, आणि अजून कळत नाही. त्याला साक्षीला कुणी उभं केलं? तो बोलत होता तेव्हा तुम्ही वर पंख्याकडे बघत होतात. तो पंखा काही इतका बघण्यासारखा नाही. रिक्षातून परत येताना मी तुम्हाला सरळ विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘अनिलराव, साक्ष द्यायला माणसाला पवित्र आत्मा शिकवतो.’ आणि हसायला लागलात. रिक्षावाला पण हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी.

यावर आपण किती भांडलो. ताईच्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून तुम्ही, स्टुलावर मी, आणि मध्ये जवळ्याची चटणी. तुमचं म्हणणं असायचं, आपण दर रविवारी अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, मग सोमवारी त्यांच्या दारात जायला लाज कसली? मी म्हणायचो, तुम्ही जा हो त्यांच्या दारात, खुशाल जा, पण त्यांना आपल्या दारात आणू नका, एकदा आत आले की ते डोकी मोजतात, आणि मोजली गेलेली माणसं मंडळी राहत नाहीत, गठ्ठा होतात. तुम्ही म्हणायचात, आपलं दार आहेच कुठे, शाळेचं आहे. मी म्हणायचो, विषय बदलू नका. ताई म्हणायची, दोघांनी आधी ताटं उचला.

माझं स्वतःचं राजकारण म्हणाल तर मत देऊन आलो की शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवायचा, इतपतच. तोसुद्धा एकदा चुकीच्या बोटाचा पाठवला. अशा माणसाने तुम्हाला शिकवावं हे तुम्हाला फार गमतीचं वाटायचं. पण तुम्ही मला कधी गप्प बस म्हणाला नाहीत. उलट एखाद्या रविवारी मी भांडलो नाही तर विचारायचात, अनिलरावांना बरं नाही का?

त्या व्हिडिओनंतर आपली मंडळी किती घाबरली होती, आठवतं? एका रविवारी शेवटच्या ओळीत एक अनोळखी जोडपं येऊन बसलं. नवरा सारखं इकडेतिकडे बघतोय, बायको पिशवी मांडीवर धरून. लगेच कुजबुज, हे कुणीतरी पाठवलेले आहेत, आपलं काय चालतं ते बघायला. ज्या मंडळीत पाहुण्याला उभं करून टाळ्या वाजवतात तिथे त्यांना कुणी गाण्याचं पुस्तकसुद्धा दिलं नाही. मी तर उपासनाभर त्या माणसाच्या खिशातल्या मोबाईलवर नजर ठेवून होतो. प्रवचन कशावर होतं, प्रभूला माहीत. तुम्ही आशीर्वाद झाल्याबरोबर मागे गेलात, सलाम केलात, हात धरून त्यांना चहाच्या टेबलापाशी आणलंत. जालन्याहून करंजाड्याला बदली होऊन आलेलं ते कुटुंब, आपलीच माणसं, दोन महिने मंडळी शोधत होती. तो माणूस इकडेतिकडे बघत होता कारण त्याला पुस्तक हवं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, ‘संशय घ्यायचा तर घ्या. पण आधी चहा पाजून घ्या.’

हे तुमचं मला फार आवडलं होतं. आणि त्याच वेळी मनात आलं होतं, ही सगळी माणसं जोडायची कला यांना युनियननं शिकवली की शुभवर्तमानानं? तुम्ही कुणाचाही हात धरलात की मला वाटायचं, यात प्रेम किती आणि मोर्चाची तयारी किती.

आता तुमच्या मातीच्या दिवशीचं सांगतो. आपल्या मंडळीचे लोक रडले, पण रीतीने. खऱ्या रडल्या त्या मासळीवाल्या. कबरस्तानाच्या भिंतीला लागून पाच-सहा जणी उभ्या होत्या, आत यावं की नाही कळत नव्हतं त्यांना. त्यांच्यातली हिराबाय, जिच्याकडून ताई पापलेट घेते, ती पेटी खाली उतरल्यावर माझ्याजवळ आली. तुम्ही त्यांच्यासाठी वॉर्ड ऑफिसात बसायचात हे मला माहीत होतं. फुटपाथवरून अतिक्रमणवाली गाडी त्यांच्या पाट्या उचलून न्यायची, बर्फासकट, आणि तुम्ही पँटला मासळीचं पाणी लावून साहेबांच्या टेबलासमोर उभे राहायचात. ताई त्या पँटी वेगळ्या धुवायची. पण शेवटी त्यांना मासळी विकायला शेड कशी मिळाली ते मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं, भाऊशेठच्या गावातल्या बायका, त्याने दिली असेल.

हिराबाय म्हणाली, ‘शेठनी शेड दिली म्हनतान. त्याच्याकडून घेतली कोनी, त्या आमाला ठाव हाय. तुमच्या देवलान शेठ बोलून गेला ना, मोबाईलवर बगला आमी, त्याच्या पुडल्याच आठवड्यान शेडचा काम चालू झाला.’

दाजी, मी तिथेच उभा राहिलो. लोक मूठमूठ माती टाकत होते, आणि माझ्या हातातली माती हातातच.

म्हणजे सौदा झाला होता. की नव्हता? आठवड्याचा योगायोगही असू शकतो. निवडणुकीआधी सगळीच कामं सुरू होतात, नारळ फोडायला माणसं कमी पडतात. पण समजा झाला होता. तर तुम्ही आपल्या मंडळीचं आमेन विकलंत आणि त्या बदल्यात घेतलं काय? मंडळीला काही नाही. उलट आपल्या हॉलवर टांगती तलवार आली. स्वतःला काही नाही. घेतलंत ते अशा बायकांसाठी ज्या आपल्या हॉलमध्ये कधी पाऊल टाकणार नाहीत, आणि ज्यांचं मत तर भाऊशेठच्या घरचंच. यात चुकलं कोण आणि कोणाचं, मी तेव्हापासून घोळवतोय. कधी वाटतं, हेच तर आपल्याला शिकवलेलं आहे. कधी वाटतं, जे तुमच्या एकट्याचं नव्हतं ते तुम्ही कसं काय दिलंत? त्या आजींचं हालेलूया त्यांचं होतं, तुमचं नव्हतं.

हॉस्पिटलात तुम्ही होतात तेव्हा मला हे माहीत नव्हतं, पण प्रश्न तर होताच. त्या दुपारी ताई औषधं आणायला खाली गेली होती. मी खुर्चीत अस्वस्थ. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात आणि म्हणालात, ‘विचारा. काय विचारायचंय ते विचारा.’ मी तुमच्याकडे बघितलं. गळ्याची हाडं दिसत होती. आणि मी विचारलं, पाणी देऊ का? तुम्ही नको म्हणालात, मास्क परत लावलात. मास्कच्या आत तुम्ही हसत होतात की धापा टाकत होतात, तेही मी ठरवू शकलो नाही.

शुक्रवारी मी भाऊशेठला त्याच्या ऑफिसजवळ गाठलं आणि सरळ सांगितलं, रविवारी या, बसा, पण बोलायचं नाही. साक्षीलाही नाही. तो लगेच हो म्हणाला. इतका लगेच की मला अजून एक अट घालावीशी वाटली. म्हटलं, कार्यकर्ते नकोत, मोबाईल नकोत. त्यालाही हो. मग मला राहवलं नाही. विचारलं, त्या वेळी तुम्हाला साक्षीचं कुणी सांगितलं होतं? दाजींनी?

त्याने मला न्याहाळलं. ‘दाजींनी तुमाला काय सांगतला?’

‘काही नाही.’

‘मंग मी कशाला सांगू?’

दाजी, राजकारण्याने एखादी गोष्ट लपवली तर मला राग यायला हवा. मला, कसं सांगू, हेवा वाटला. तुमच्या-माझ्यात तीस वर्षं जे जेवणं, भांडणं, बारशी आणि लग्नं झाली त्यात असं एक कुलूपबंद वाक्य नव्हतं, जे त्याच्याकडे होतं.

रविवार आला. हॉल भरला. भाऊशेठ खरंच एकटा आला, शेवटच्या ओळीत बसला, फोन बंद करून मला लांबूनच दाखवला. मी समाधानाने बसलो. हॉल वाचला, तुमची अब्रू वाचली, माझं काम झालं.

मग आठवणी सुरू झाल्या. एक जण म्हणाला, दाजींचा आवाज गोड होता. तबलेवाले म्हणाले, दाजी कधी कुणावर रागावले नाहीत. हे तेच तबलेवाले, ज्यांना तुम्ही भर नाताळात म्हणाला होतात की ताल नाही जमला तर निदान गप्प बसायला तरी जमवा. पंचांचे अध्यक्ष म्हणाले, ते जगात असून जगाचे नव्हते. एक बाई म्हणाल्या, त्यांना प्रार्थनेशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. सगळे मनापासून बोलत होते. आणि प्रत्येक माणूस तुम्हाला थोडा थोडा धूत होता, त्या पँटी ताई धुवायची तसं, वास जाईपर्यंत. वॉर्ड ऑफिस गेलं, युनियन गेली, मासळीवाल्या गेल्या. शेवटी उरला तो एक स्वच्छ इस्त्री केलेला म्हातारा, ज्याच्याशी माझी ओळखच नव्हती.

मी ताईकडे बघितलं. ती खाली बघत होती, पण तिचा जबडा आवळलेला. ते आमच्या घराण्याचं लक्षण.

पाळकसाहेबांनी विचारलं, आणखी कुणी? आणि दाजी, जो माणूस लग्नातसुद्धा चार शब्द बोलायचे म्हटलं की संडासात जाऊन बसतो, तो मी उभा राहिलो.

मी म्हणालो, दाजी राजकारण करायचे. आणि बोलत राहिलो, कारण थांबायचं कसं ते कळेना. मासळीवाल्यांच्या शेडचं सांगितलं. त्या रविवारचं सांगितलं, की त्यात दाजींचा हात होता असा मला संशय आहे, आणि असेल तर मला ते पटलेलं नाही, आणि उद्या ते परत आले तर मी परत भांडेन. पण तुम्ही ज्याला निरोप देताय तो माणूस वेगळा आहे. ‘माझे दाजी रविवारी अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायचे आणि सोमवारी त्यांच्याच टेबलावर हात आपटायचे. त्यांना ही दोन कामं कधी वाटलीच नाहीत. मला अजून दोन वाटतात. पण त्यांना पुरताना निम्मेच पुरू नका.’

मी बसलो. कुणी आमेन म्हटलं नाही. ताईने माझ्याकडे न बघता माझा हात दाबला, इतका जोरात की अंगठी रुतली. मागे वळून बघितलं तर भाऊशेठ आपल्या पांढऱ्या बुटांकडे बघत बसला होता. आणि दारात, हॉल उघडायला येणारे शाळेचे सुपरवायझर उभे होते.

सोमवारी पाळकसाहेबांना फोन आला. सूचना देऊनही हॉलमध्ये पुन्हा निवडणुकीचं आणि नेत्यांचं बोलणं झालं, त्यामुळे या महिनाअखेरीपासून हॉल मिळणार नाही. ज्याला बोलू द्यायचं नाही म्हणून मी एवढी तटबंदी केली, तो एक अक्षर बोलला नाही. मंडळीचा हॉल घालवला तो मी.

पंचांची सभा झाली. मला शिव्या कुणी दिल्या नाहीत. आपल्याकडे शिव्या देत नाहीत, प्रार्थना करतात. माझ्यासाठी फार वेळ प्रार्थना झाली. मग अध्यक्ष म्हणाले, महापालिकेचं समाजमंदिर रविवारी सकाळी मोकळं असतं, त्यासाठी वॉर्ड ऑफिसात कुणीतरी जायला हवं. पूर्वी असल्या कामाला दाजी जायचे. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काल गेलो. सोमवारी पँट कशी खराब होते ते मला काल कळलं. चार टेबलं फिरलो, प्रत्येक टेबलावर पुढच्या टेबलाचं नाव. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी दयेने सांगितलं, अहो, इथल्या कुणा माणसाचा शब्द लागेल, तुमची ओळख आहे का कुणाशी? मी आयुष्यभर ओळखी नाहीत याचा अभिमान बाळगलेला माणूस. म्हटलं, बघतो.

मग भाऊशेठच्या ऑफिसात. बाकावर माझ्याआधी सात-आठ माणसं, कुणाचा नळ, कुणाचा दाखला, कुणाची शाळेतली ॲडमिशन. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो, कुणी ओळखीचं बघेल म्हणून. माझा नंबर आला. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, फोन उचलला, कुणाशी तरी दोनच वाक्यं बोलला, फोन ठेवला आणि म्हणाला, ‘झाला. येत्या महिन्यापासून समाजमंदिर तुमचा.’

मी थांबलो. आता अट येईल, आता माणसं किती ते विचारेल, आता पाठिंब्याचं काढेल. मी उत्तरं पाठ करून गेलो होतो. सगळी नकाराची, सभ्य, पण ठाम. त्याने काहीच काढलं नाही. चहा मागवला. दाजी बिनसाखरेचा घ्यायचे, तुम्ही कसा घेता, एवढंच विचारलं. चहा पिऊन मी उठलो, दारापर्यंत आलो, तेव्हा तो मागून म्हणाला, ‘नाताळला येऊ ना मी? बसायला. बोलनार नाय.’

दाजी, देवाच्या उपासनेला येऊ का असं विचारणाऱ्या माणसाला नको कसं म्हणतात? हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. दार उघडं ठेवायचं एवढंच शिकवलेलं आहे. त्याला हे माहीत असेल का? असणारच. की खरंच त्याला यायचं असेल? पेटीखालचा तो खांदा मला आठवला आणि पांढरे बूटही आठवले. मतदान नाताळाच्या आधी की नंतर, हा हिशोबही डोक्यात झाला. तुमच्या वेळीही असंच झालं असेल का? काही ठरलं नाही, काही मागितलं नाही, फक्त कुणीतरी दारात उभं राहून विचारलं आणि तुमच्या तोंडून तो एक शब्द गेला?

माझ्या तोंडून गेला. मी म्हटलं, ‘या.’

तुमच्या घरी आलो. ताई दारातच होती. समाजमंदिर मिळालं म्हटल्यावर तिने डोळे मिटून आभार मानले. मग डोळे उघडले आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘काय कबूल करून आलास?’

‘काही नाही,’ मी म्हटलं.

तिचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नव्हता.